सातबाऱ्यावर नसलेली शेतकरीण

भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. फलाटावर 'भंडारा रोड' अशी पाटी आहे आणि मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या तिथून जातात. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि उरलेल्या बाजूंना धानाच्या बांध्या, असं हे मोहाडी तालुक्यातलं गाव. ज्यांच्या तरुणपणी इथे फक्त रूळ आणि धान होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत कारखाना उभा राहिला, बिहार-छत्तीसगडची माणसं शेजारी राहायला आली, बैल गेले, हार्वेस्टर आलं. जग बदललं ते इथल्या म्हाताऱ्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

या गोष्टीतले आबाजी त्यांच्यातलेच. वय अठ्ठ्याहत्तर, घरची पाच एकर धानाची जमीन, दोन मुलं, एक मुलगी, नातवंडं. ऊन उतरलं की ते स्टेशनच्या वाटेवरच्या पिंपळाखाली येऊन बसत. तिथे त्यांच्या बरोबरीची चार-पाच माणसं असत आणि बोलण्याचा विषय बहुधा एकच असे. जमाना बिघडला.

आबाजींची तक्रार पोकळ नव्हती, हे आधीच सांगितलं पाहिजे. त्यांनी पाहिलं होतं की, एखाद्याच्या घरी बियाण्याचं धान संपलं तर शेजारी पायलीनं मोजून देई आणि मळणीचा चुरणा झाल्यावर ते परत येई. मध्ये ना चिठ्ठी, ना साक्षीदार. धानाच्या लावणीचा रोवणा आला की, आज तुझ्या बांधीत आणि उद्या माझ्या, अशी माणसं एकमेकांकडे जात. तलावाचं पाणी पाळीनं मिळे आणि पाळी मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जड जाई. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की लेकी-जावई, पाहुणे-रावळे यांनी घर भरून जाई आणि रात्रभर दंडार चाले. आता मंडईला पाहुणे येतात, जेवतात आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये मान घालून बसतात. हार्वेस्टर तासाभरात बांधी मोकळी करतं, पण तणीस शेतातच राहते, कारण ती खायला गोठ्यात जनावर नाही. हे सगळं खरं आहे. ज्यानं ते गमावलं त्याला ते दुखणारच.

"आमच्या टायमाले जबान म्हनजे जबान," आबाजी म्हणत. "कागद कोन मांगत होता? आता बापाजवर बी लेकरू कागद मांगते."

पणतू झाला तेव्हाही त्यांना असंच वाईट वाटलं होतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहावं लागतं. नातसुनेनं जन्माचा दाखला दाखवला. आबाजींनी तो चष्मा लावून वाचला, परत दिला आणि संध्याकाळी पिंपळाखाली म्हणाले, "आता नावात बापाच्या आंधी माय. पुढं बापाचं नाव बी काढून टाकतील."

पिंपळाखालच्या मंडळीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गॅंगमन होते. त्यांचे वडील १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला गेले होते. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५४ च्या पोटनिवडणुकीत, बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे राहिले आणि हरले, ही गोष्टही त्यांनी वडिलांच्याच तोंडून ऐकली होती. ते सहसा ऐकून घेत. त्या दिवशी मात्र त्यांनी शांतपणे सांगितलं, "भाऊ, तुमच्या त्या सोन्याच्या टायमाले आमची विहीर वेगळी होती. तो टाइम मले वापस नाही पायजे."

आबाजी म्हणाले, "ते जुनं झालं, आता कुटं राहिलं तसं?"

"जुनं?" गॅंगमन म्हणाले. "दलित कुटुंब मारलं ते खैरलांजी आपल्याच तालुक्यात आहे. दोन हजार सहा साल होतं."

मंडळी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विषय धानाच्या भावाकडे वळला. आबाजींनाही तेव्हा त्या बोलण्याचा आपल्याशी काही संबंध आहे असं वाटलं नाही.

२०२५ च्या सुरुवातीला शेतकरी ओळख क्रमांक काढण्याची धांदल सुरू झाली. आधार आणि सातबारा जोडून प्रत्येक शेतकऱ्याला एक क्रमांक द्यायचा आणि पुढे शेतीच्या योजनांसाठी तो मागायचा, अशी ती व्यवस्था. भंडाऱ्याला कॉलेजात जाणारी नात आबाजींना गावातल्या सेवा केंद्रात घेऊन निघाली. आजी म्हणाली, मीही येते. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि स्वतःचं आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं.

आबाजींचं काम झालं. मोबाइलवर आकडा आला, नातीनं तो सांगितला, गट नंबर दिसला, नाव जुळलं. मग आजीनं पिशवीतून कार्ड काढून पुढे ठेवलं. "माहं बी काढ, बाबू."

केंद्रातल्या पोरानं कार्ड पाहिलं, स्क्रीन पाहिली. चांगला मुलगा होता, आवाज चढवला नाही. "आजी, तुमच्या नावानं जमीन नाही दाखवत. सातबाऱ्यावर नाव नसलं तर शेतकरी म्हणून नोंद होत नाही."

आजीनं कार्ड उचललं. चिडले ते आबाजी.

"हे शेतकरी नाही त मंग कोन आहे रे? साठ वर्सं झाले, माह्या बांधीतला एकेक परहा हिच्या हातानं लागला. पायाले चिखल्या झाल्या, ताप आला, रोवणा सोडला नाही हिनं. तुह्या त्या मशिनीले काय समजते?"

रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, मशिनीचंच राज्य आहे आता. आबाजींचा राग मनापासूनचा होता. आपल्या बायकोला कुणी शेतकरीण म्हणू नये हे त्यांना खरोखर सहन झालं नव्हतं. घरी येईपर्यंत ते बोलतच राहिले आणि आजी एक शब्द बोलली नाही.

रात्रीची जेवणं झाल्यावर ती बोलली. नात तिथेच बसली होती.

"त्या पोराले काहून एवढे बोलले तुम्ही? त्यानं लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. लिहिलं कोनं?"

आबाजी म्हणाले, "लिहायचं काय त्यात? माहं ते तुहं. घरात का कागद लागते?"

"तुमच्या भावासंग वाटनी झाली तवा कागद केला होता. स्टँपावर. मले आठवते, दोन दिवस मोहाडीले चकरा मारल्या तुमी. भावासंग माया नव्हती का? होती न. तरी कागद केला. भावासंग कागद, अन् माह्यासंग जबान."

यावर आबाजींजवळ उत्तर नव्हतं. ते म्हणाले की, आपल्या काळी बायका असं मागत नव्हत्या, मागणं हेच मुळी आजकालचं. मग आजीनं ती गोष्ट सांगितली, जी लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं घरात सांगितली नव्हती. तिचं माहेर आंधळगावकडे. वडील वारल्यावर वर्षाच्या आत भाऊ तिला न्यायला आला होता. सोबत लुगडं होतं आणि एक कागद होता. त्याला हक्कसोड म्हणतात, एवढंच तिला कळलं. तिच्यासोबत तिच्या धाकट्या बहिणीनंही अंगठा दिला. भावानं जेवू घातलं, बैलबंडीनं स्टेशनवर सोडलं.

"मी मांगितलं नाही," आजी म्हणाली. "तुमी म्हनता माया होती म्हून मांगितलं नाही. तसं नाही जी. मांगितलं असतं त माहेरचा रस्ता बंद झाला असता. मांगितलं नाही ते भेवानं. तुमी त्याले माया म्हनता."

हक्कसोड हा शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही तहसीलच्या आवारात रोज ऐकू येतो. कायद्यात चूक काही नाही. ज्याला आपला वाटा सोडायचा आहे त्यानं तो सोडावा. पण सोडणाऱ्या बहुधा बहिणीच असतात आणि त्यांना विचारताना समोर भाऊ बसलेला असतो, माहेर त्याच्या हातात असतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि मुलीला मुलाबरोबर वारस केलं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. २००५ मध्ये केंद्रानं कायदा बदलला आणि त्यांनाही आत घेतलं. कायदे असे एकामागून एक आले, आणि तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये बायका शंभरात चौदाच्या आसपासच होत्या. धानाच्या जिल्ह्यात रोवणा कोण करतं, हे कुणीही जुलैत बांधावर उभं राहून पाहावं. वाकलेल्या रांगेत पुरुष शोधावा लागतो.

आजीचं बोलणं तिथे संपलं नव्हतं. "अन् हे आजकालचं म्हनू नोका. साडभाऊ आले होते तवाचं आठवा."

आबाजींना आठवलं. आजीची ती धाकटी बहीण वर्ध्याकडे दिलेली. तिचा नवरा शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत होता. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढे संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेतकऱ्यानं आपण होऊन जमिनीत बायकोचं नाव लावावं, देणी फेडावीत तसं. कर्जमुक्ती मागणाऱ्यानं आधी घरातल्या लक्ष्मीचं ऋण मानावं, असा तो विचार. हजारो शेतकऱ्यांनी तो मानला. १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं की, नवऱ्याच्या हयातीत त्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर घेता येईल. साडभाऊंनी नाव लावलं. तो सातबारा घडी करून खिशात घालून ते वरठीला उतरले होते आणि याच ओसरीवर त्यांनी तो उलगडून दाखवला होता.

तेव्हा आबाजी काय म्हणाले होते, हे आजीला शब्दन् शब्द पाठ होतं. "घरातल्या घरात कागद कशाले? मी का परका आहो?"

साडभाऊ त्यांच्याच वयाचे, त्यांच्यासारखेच कोरडवाहू-ओलिताच्या चिंतेत जन्म काढलेले. त्यांनी मोबाइल पाहिला नव्हता. जो विचार आबाजींना आज नव्या जमान्याचं खूळ वाटत होता, तो त्यांच्याच पिढीच्या माणसानं तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या दारात आणला होता. म्हणून मला वाटतं, आजी-आजोबांची पिढी असं एक गाठोडं बांधून बोलणं बरोबर नाही. त्याच पिढीत साडभाऊ होते, गॅंगमनचे वडील होते आणि अंगठा देऊन गप्प राहिलेल्या दोन बहिणी होत्या. या सगळ्यांनी जुन्या काळाबद्दल एकच मत द्यावं, अशी अपेक्षा फक्त ज्याला त्या काळात कधी काही सोडावं लागलं नाही, तोच करू शकतो.

आबाजी त्या रात्री विरघळले वगैरे नाहीत. उलट पुढचे काही दिवस ते तिरसटपणे वागले. नातीनं शिकवून दिलं, कॉलेजातल्या पोरींना दुसरा धंदा नाही, असं म्हणाले. आजीनं उत्तर दिलं नाही. तिनं परत विषयही काढला नाही.

विषय काढला तो मोठ्या मुलानं. आंब्याच्या दिवसांत मुलगी माहेरी आली होती, धाकटा पुण्याहून आला होता. मोठ्याच्या कानावर सेवा केंद्रातली गोष्ट गेली होतीच. वय पंचेचाळीस, सगळे व्यवहार मोबाइलवरून करणारा, शेजाऱ्याला पाचशे रुपये दिले तरी त्याची नोंद ठेवणारा माणूस. ओसरीवर सगळे बसले असताना तो म्हणाला, "घरातल्या घरात कागद कशाले, बाबा? आई का परकी आहे? उगाच तिचं नाव लावलं की उद्या ताई बी येईल मागायले. आपल्यात कधी असं झालं नाही."

बहीण समोरच बसली होती. ती काही बोलली नाही, खाली पाहून आंबा चिरत राहिली.

आबाजींनी मुलाकडे पाहिलं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आपण बोललो होतो तेच वाक्य, त्याच ओसरीवर. स्वतः बोलताना त्यांना त्यात माया ऐकू आली होती. मुलाच्या तोंडून ऐकताना त्यात काय आहे ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं, कारण या वेळी ते वाक्य कुणाचा वाटा वाचवण्यासाठी आलं आहे हे समोर दिसत होतं. आणि गप्प बसलेली मुलगी पाहून त्यांना आंधळगावच्या त्या दोन बहिणी कशा गप्प बसल्या असतील, हेही कळलं.

"तू हजार रुपयाची पावती ठेवतेस," ते मुलाला म्हणाले. "अन् मायच्या टायमाले तुले कागद नोको?"

आजी नातीला नंतर म्हणाली, "हातात मोबाइल नवा आहे, बोलनं माह्या सासऱ्याचं."

दुसऱ्या आठवड्यात आबाजी नातीला घेऊन तलाठ्याकडे गेले. अर्ज लिहिला, सही केली. फेरफाराची नोटीस लागली, हरकतीसाठी पंधरा दिवस गेले. मोठ्या मुलानं हरकत घेतली नाही, पण त्या दिवसांत तो वडिलांशी नीट बोललाही नाही. आजीचं नाव सातबाऱ्यावर चढलं तेव्हा रोवण्याची घाई सुरू होती. नातीनं तिला बांधावरच मोबाइलवर दाखवलं. आजीला वाचता येत नाही. तिनं विचारलं, कोणतं माझं? नातीनं बोट ठेवलं. आजीनं पाहून घेतलं आणि म्हणाली की, आता पोरीचं.

तिनं ते सोडलं नाही. पोळ्याला तिन्ही मुलं जमली तेव्हा तिनं आबाजींना सगळ्यांसमोर बोलायला लावलं की, जमीन तिघांची आहे आणि माझ्या डोळ्यांमागे कुणी मुलीपुढे हक्कसोडीचा कागद ठेवायचा नाही. माझ्या बापाच्या घरी झालं ते माझ्या घरी होणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. मुलगी जमीन घेईल की भावांना देईल, हे तिनं मुलीवर सोडलं. फक्त ते भीतीनं ठरू नये.

आजीला आजचा काळ आवडतो का, असं नातीनं एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली, निम्मा. तू एकटी गाडीनं नागपूरला जातेस आणि येतेस, ते मला बरं वाटतं, मला वरठीहून मोहाडीला जायचं तरी सोबत कुणीतरी लागायचं. गॅस आला, नळ आला, डोळ्यांतला धूर गेला. पण रोवण्यात आता कुणी गाणं म्हणत नाही, प्रत्येकीच्या कानात वायर असते. सून एकटी जेवते, लेक एकटा जेवतो, नातू जेवणाचं ताट घेऊन खोलीत जातो. म्हातारं माणूस बोलायला लागलं की सगळे हो हो म्हणतात आणि कुणी ऐकत नाही. हे तिला खुपतं, आणि तिला खुपतं ते बरोबरच आहे. जुन्या काळातली माया खोटी होती असं तिचं म्हणणं नव्हतंच. ती माया सगळ्यांच्या वाट्याला यायला हवी होती, एवढंच ती मागत होती.

आबाजी आजही पिंपळाखाली बसतात आणि जमाना बिघडल्याबद्दल बोलतात. मंडईतल्या मोबाइलवर, वाया जाणाऱ्या तणशीवर ते अजून चिडतात. पण सोन्याचा टाइम हा शब्द आता ते वापरत नाहीत. त्यांनी नाव लावल्याचं कळल्यावर मंडळीतल्या एकानं तिथे बसणं सोडलं. दोघांनी अर्ज कुठे द्यायचा ते विचारून घेतलं. गॅंगमन म्हणाले, बायकोच्या नावाचं घर त्यांनी निवृत्तीच्या पैशातून आधीच घेतलं आहे.

सातबारा आता घरबसल्या मोबाइलवर निघतो. आपल्या घरचा काढून पाहा. ज्या आजीनं, आईनं ती जमीन आयुष्यभर कसली, तिचं नाव त्यावर आहे का ते बघा. नसेल तर आबांना, बाबांना सांगा आणि तलाठ्याकडे अर्ज द्या. ती हयात असताना द्या.